बोटीत डेक बसवताय? आधी रुंदी मोजा

पहिल्या मिनिटाला अंगणात उलटी पडलेली, पोचे आलेली अ‍ॅल्युमिनियमची जुनी बोट. विसाव्या मिनिटाला तीच बोट करड्या कार्पेटने मढलेली, पुढे ऐसपैस डेक, डेकमध्ये झाकणं, झाकणांखाली गळाचं सामान आणि वर फिरती खुर्ची. असे व्हिडिओ मासेमारीच्या हौशी मंडळींमध्ये भरपूर फिरतात आणि ते बघून हात शिवशिवतात. प्लायवूड कापता येतं, ड्रिल चालवता येतं, मग आपल्याला का जमू नये?

सुतारकाम जमेलच, कारण ते या प्रकरणातलं सर्वात सोपं काम आहे. अडचण येते पाण्यात उतरल्यावर. इतकी वर्षं निमूट वागणारी बोट डेकवर उभं राहिल्याबरोबर डुलायला लागते आणि मालकाला वाटतं, वजन जास्त झालं. बहुतेक वेळा दोष वजनाचा नसतोच.

ही बोट आणि हा ओटा

आपण बोलतोय ते साधारण दहा ते सोळा फुटी, पातळ पत्र्याच्या, बहुधा सपाट तळाच्या बोटीबद्दल. अमेरिकेत हिला ‘जॉन बोट’ म्हणतात आणि तिथे तिची ओळख आकड्यांनी सांगतात. १४४८ म्हणजे लांबी १४ फूट, तळाची रुंदी ४८ इंच. १०३२ म्हणजे १० फूट आणि ३२ इंच. पहिल्या दोन आकड्यांकडे सगळे बघतात. या लेखाचा सगळा जीव मात्र शेवटच्या दोन आकड्यांत आहे.

डेक म्हणजे बोटीच्या आत, तळापासून वीत-दोन वीत उंच केलेला ओटा. त्यावर उभं राहून गळ लांब फेकता येतो, पाण्यात खोलवर दिसतं, पायाखाली बरगड्या (तळाला मजबुती देणाऱ्या आडव्या पट्ट्या) टोचत नाहीत आणि खाली सामान राहतं. बरगड्यांवर अंथरलेली नुसती सपाट फळी म्हणजे डेक नव्हे, ती फरशी. हा फरक पुढे कामाला येईल.

वजनाने बोट किती बसते?

१४४८ मापाची बोट घेऊ. पाण्याला टेकलेला तिचा तळ ढोबळमानाने ४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, म्हणजे ४.८ चौरस मीटर. ही बोट आणखी एक सेंटिमीटर खाली बसायला ४८ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. ४८ लिटर पाणी म्हणजे ४८ किलो.

आता ओट्याचं वजन. १२ मिलिमीटर प्लायवूड चौरस मीटरला सात किलोच्या आसपास भरतं. तीन चौरस मीटर ओटा, खालची अ‍ॅल्युमिनियमची चौकट, बिजागऱ्या, कार्पेट असं सगळं धरून ४० किलो म्हणू. म्हणजे एवढा खटाटोप करून बोट एक सेंटिमीटरसुद्धा खाली जात नाही. मग डुलते का?

अदृश्य खुंटी

खुंटीला टांगलेली पिशवी बाजूला ढकला, ती परत सरळ होते, कारण तिचं वजन खुंटीच्या खाली आहे. तीच पिशवी काठीच्या टोकावर तोलून धरा, जरा धक्का लागला की गेली. तरंगणारी बोटही अशीच एका खुंटीला टांगलेली आहे असं समजा. ही खुंटी दिसत नाही, पण गणिताने तिची जागा काढता येते. जहाजबांधणीत तिला मेटासेंटर म्हणतात, आपण खुंटीच म्हणू. बोट, माणसं, मोटर आणि सामान या सगळ्याच्या वजनाचा मध्य खुंटीखाली असेल तर बोट कललेली सरळ होते. मध्य खुंटीच्या वर गेला तर बोट कलतच जाते.

सपाट तळाच्या, खोक्यासारख्या बोटीची खुंटी किती उंच, याचं सूत्र सोपं आहे. रुंदीचा वर्ग करा, त्याला बोट पाण्यात जितकी बसली आहे त्याच्या बारापटीने भागा आणि त्यात त्या खोलीचा निम्मा भाग मिळवा. माणसांसकट ४०० किलो भरलेली आपली १४४८ पाण्यात सव्वाआठ सेंटिमीटर बसते. तिची खुंटी तळापासून जवळजवळ दीड मीटरवर येते. चांगली उंच.

आता १०३२. तळ साधारण ३ मीटर बाय ०.८ मीटर, सगळं मिळून वजन २५० किलो. हिची खुंटी येते ५६ सेंटिमीटरवर. एक माणूस बसलेला आहे आणि दुसरा ८० किलोचा माणूस उभा आहे असं धरू. उभ्या माणसाच्या वजनाचा मध्य बेंबीच्या आसपास, म्हणजे तळापासून मीटरभर उंचीवर असतो. बाकीच्या १७० किलोंचा मध्य ३५ सेंटिमीटरवर धरला तर एकूण मध्य येतो ५६ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे नेमका खुंटीवर. ओटा अजून बांधलेलाही नाही! आता त्या उभ्या माणसाखाली ३० सेंटिमीटरचा ओटा सरकवा. मध्य आणखी साडेनऊ सेंटिमीटर वर जातो आणि पिशवी काठीच्या टोकावर येते.

हे गणित ढोबळ आहे हे कबूल. खऱ्या बोटीच्या बाजू वर बाहेरच्या अंगाला पसरलेल्या असतात, त्यामुळे कलल्यावर थोडा आधार वाढतो. तरी दोन बोटींतली तफावत खोटी ठरत नाही. दोन्ही बोटींवर सारखंच वजन असेल तर सरळ व्हायचा जोर रुंदीच्या घनाच्या पटीत वाढतो. रुंदी दीडपट झाली तर दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे तिपटीहून जास्त. म्हणून माझं मत सरळ आहे. ३२ किंवा ३६ इंची तळाच्या बोटीत उंच ओटा बांधूच नका, फरशी टाका. ४८ इंच आणि पुढे असेल तर पुढचं वाचा.

‘पण कंपनीच्या बोटींना डेक असतोच की!’

असतो. पण त्या बोटींचा तळ, बाजूंची उंची आणि बोट तरंगती ठेवणाऱ्या फोमची जागा डेक गृहीत धरूनच आखलेली असते. आपली बोट आखली गेली तेव्हा माणसं बाकावर बसतील असं धरलं होतं. बाकावर बसलेल्या माणसाच्या वजनाचा मध्य जिथे असतो, त्याच्या कितीतरी वर तोच माणूस ओट्यावर उभा राहिल्यावर जातो.

१४४८ मध्येही ४० सेंटिमीटरच्या ओट्यावर दोघं उभे राहिले तर काय होतं? ४०० पैकी १५० किलो ४० सेंटिमीटर वर गेले, म्हणून एकूण मध्य १५ सेंटिमीटर चढला. खुंटी दीड मीटरवर असल्याने हे चालून जातं. एक माणूस कडेला एक पाऊल सरकला तर आधी बोट पावणेपाच अंशांनी कलायची, आता साडेपाचच्या वर कलेल. तोल सांभाळता येतो. पण काठ मात्र आता गुडघ्याच्या खाली आला. मासा ओढताना मागे रेललात तर आधी मांडीला काठ अडवायचा, आता अडवणारं काही नाही. म्हणून ओटा काठाच्या पातळीला आणण्याचा मोह टाळावा. काठ ओट्यापेक्षा निदान वीतभर वर राहिला तर पायाला अंदाज राहतो.

अमेरिकेत २० फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना आत एक पाटी ठोकलेली असते. किती माणसं, किती वजन, किती ताकदीची मोटर हे तिच्यावर लिहिलेलं असतं. ओटा, जादा बॅटरी, झाकणाखालचं सामान हे सगळं त्याच वजनातून वजा होतं. ओटा बांधला म्हणून पाटीवरचा आकडा वाढत नाही.

बाकं कापण्याआधी

ओट्याच्या आड पहिल्यांदा येतं ते मधलं बाक. ग्राइंडर हातात असतो, बाक कापायला दहा मिनिटं लागतात आणि बोट एकदम प्रशस्त दिसायला लागते. इथे थांबा.

ते बाक बसायला आहेच, पण त्याहून मोठी दोन कामं ते करतं. एक, ते बोटीच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतं. रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्याची मधली आडवी पट्टी काढा आणि बाजू दाबून बघा, म्हणजे कळेल. दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्याची बोट लाटांवर वळते, मुरगळते. मधला आधार गेला की तो सगळा ताण रिव्हेटांवर येतो आणि ते हळूहळू ढिले होऊन झिरपायला लागतात. दुसरं काम पोटात दडलेलं आहे. बाकाच्या आत बहुधा फोम असतो. बोट पाण्याने भरली तरी ती तळाला जाऊ नये म्हणून तो भरलेला असतो.

या फोमचा हिशोब बघण्यासारखा आहे. ओतून फुगवायचा पॉलियुरेथेन फोम घनमीटरला सुमारे ३२ किलो भरतो, म्हणजे १०० लिटर फोमचं वजन तीन किलोच्या वर थोडंसं आणि पाण्याखाली तो उचलतो ९७ किलो. पाण्यात बुडालेलं अ‍ॅल्युमिनियम स्वतःच्या वजनाच्या ६३ टक्केच भरतं, कारण ते पाण्याच्या २.७ पट जड असतं. म्हणजे १०० किलोच्या रिकाम्या बोटीला ६५ लिटर फोम पुरेल. मोटर, बॅटरी आणि काठाला लोंबकळणारी माणसं यांच्यासाठी तो जास्त लागतो.

जागा सगळ्यात महत्त्वाची. ‘बाकातला फोम काढला तर काय झालं, ओट्याखाली तळाशी भरतो की,’ असं म्हणणारे खूप. तळाशी मधोमध भरलेला फोम बोटीला बुडू देत नाही, पण भरलेल्या बोटीचा तळ वर उचलून तिला पालथी करायला बघतो. चेंडू पाण्याखाली दाबून त्यावर बसण्यासारखं आहे ते. फोम हवा बाजूंना आणि शक्य तितका वर, काखेत हवेच्या पिशव्या धरल्यासारखा. बाक काढणं भागच असेल तर त्याच जागी आडवी चौकट बसवा आणि तेवढाच फोम बाजूंना परत द्या.

थर्माकोलच्या जातीचा फोम वापरत असाल तर लक्षात असू द्या, पेट्रोलचा थेंब पडला की तो विरघळतो.

ओट्याखालचं पाणी

मागे एकाने त्याची बोट दाखवायला बोलावलं होतं. ‘हल्ली मोटर ओढत नाही,’ ही तक्रार. ओटा छान, कार्पेट अजून नव्यासारखं. तळातलं पाणी सोडायचा मागचा बूच काढला तर आधी चमचाभर पाणी आलं. पुढचं टोक उचलून धरलं तेव्हा धार लागली आणि ती किती वेळ थांबेच ना. ओटा उचकटल्यावर कळलं, चौकटीचे अँगल तळाला आडवे टेकवले होते आणि प्रत्येक अँगलमागे एक तळं साचलं होतं. फोमचे तुकडे त्या तळ्यात बसून बसून इतके जड झाले होते की एका हाताने उचलेनात. स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी, आणि प्लायवूडची कड नखाने सोलता येत होती.

ओटा नसताना बोटीत पाणी आलं की ते दिसतं, डबा घेऊन उपसता येतं. ओटा बांधला की ते दिसेनासं होतं. आपल्या १४४८ च्या तळावर दोन सेंटिमीटर पाणी पसरलं तर ते ९६ लिटर होतं, म्हणजे एक जादा माणूस. हा माणूस एका जागी बसतही नाही. पाण्याने भरलेली परात उचलून चाललात की पाणी ज्या बाजूला झुकलात तिकडे धावतं, तसा हा प्रवासी बोट कलेल त्या बाजूला जाऊन बसतो आणि तिला आणखी कलवतो.

म्हणून चौकट बरगड्यांवर टेकवावी, तळाच्या पातळ पत्र्यावर नव्हे. पुढून मागे बूचापर्यंत पाण्याला सरळ वाट हवी. मागच्या बाजूला हात आणि डबा जाईल एवढं झाकण ठेवावं, विजेचा पंप असला तरी. आणि पाण्याच्या रेषेखाली पत्र्याला एकही भोक पाडू नये. ओटा धरायला बरगड्या, बाकं आणि काठाजवळची जागा पुरते.

प्लायवूड की पत्रा?

लोकांना वाटतं, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हलका. तीन मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला आठ किलो भरतो, म्हणजे १२ मिलिमीटर प्लायवूडपेक्षा जड. तो कुजत नाही, हा त्याचा फायदा. पण उन्हात तापतो आणि पावलागणिक वाजतो. प्लायवूड घरच्या अवजारांनी कापता येतं आणि ४० सेंटिमीटरवर आधार असला की माणसाखाली फारसं दबत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने प्लायवूड घ्यावं असं मी म्हणेन.

‘मरीन प्लाय कुजत नाही ना?’ कुजतं. मरीन म्हणजे डिंक पाण्याने न सुटणारा आणि थरांमध्ये पोकळ्या नसलेलं, एवढंच. आतलं लाकूड शेवटी लाकूडच. ते टिकतं कडा बंद केल्यामुळे. पाणी वरच्या पृष्ठातून फार जात नाही, कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकातून जातं, पुस्तकाची कड भिजते तसं. कडांना इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायची, वाळून कडक होणारी राळ) दोन-तीन हात द्या. स्क्रूसाठी आधी मोठं भोक पाडून ते इपॉक्सीने भरा, वाळलं की त्याच्या मधोमध नेमकं भोक पाडा. कंटाळवाणं काम आहे, पण ओटा दोन वर्षं टिकणार की दहा, ते इथे ठरतं.

कार्पेट मला स्वतःला आवडत नाही. दिसायला सुरेख, पण ओलं धरून ठेवतं. खडबडीत रंग बरा.

लाकडात दडलेलं तांबं

वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून दाबाने औषध मुरवलेलं लाकूड बाहेरच्या कामाला वापरतात. बोटीत तर पाणीच पाणी, मग तेच घ्यावं असं कुणालाही वाटेल. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत ते घेऊ नका. त्या औषधात बहुधा तांबं असतं.

दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, एवढं जमलं की बॅटरी तयार होते. या बॅटरीत कमी ‘खानदानी’ धातू झिजतो. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये तो मान अ‍ॅल्युमिनियमचा. ओलं लाकूड पत्र्याला टेकलं असेल तिथे आधी पांढरी भुकटी दिसते, मग खड्डे पडतात आणि खड्ड्यातून एक दिवस पाणी दिसतं. तळाशी पडून राहिलेला तांब्याच्या तारेचा तुकडासुद्धा हेच करतो, म्हणून वायरिंग संपलं की तळ झाडून घ्या. बोटीचा पत्रा विजेची परतीची तार म्हणून कधीही वापरू नका, प्रत्येक दिव्याला दोन तारा स्वतंत्र द्या.

स्टेनलेस स्टीलचे स्क्रू चालतात का? गोड्या पाण्यात, खाली प्लास्टिकचा वॉशर आणि स्क्रूच्या आट्यांना गंजरोधक ग्रीस लावून चालतात. अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियम जोडायला मात्र अ‍ॅल्युमिनियमचेच रिव्हेट बरे.

पेट्रोलची टाकी

ओट्याखाली एवढी रिकामी जागा दिसल्यावर टाकीही तिथेच ढकलावीशी वाटते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि बंद कप्प्यात साचून राहते. त्याच कप्प्यात बॅटरी आणि पंपाचा स्विच असेल तर ठिणगीची वाट बघायची फक्त. सुटी टाकी मागे उघड्यावर राहू द्या. बॅटरी मात्र खाली आणि मधोमध जरूर ठेवा, पट्ट्याने बांधून. २५ किलोची बॅटरी तळाशी असेल तर वजनाचा मध्य खाली ओढते. ओट्याने जे हिरावलं त्यातलं थोडं ती परत देते.

आधी खोटा ओटा

प्लायवूड कापण्याआधी अर्धा दिवस यासाठी काढा. वारा नसलेला दिवस, कमरेएवढं पाणी, दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट, मोटर वर उचललेली. ओटा जेवढा उंच करायचा आहे तेवढे प्लास्टिकचे क्रेट बोटीत ठेवा, वर एक फळी बांधा. ओट्याखाली जे सामान जाणार आहे त्याच्या वजनाइतके पाण्याचे कॅन भरून त्या त्या जागी ठेवा. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, काटा लागत नाही. काठाखाली वीतभर अंतरावर बाहेरून चिकटपट्टी लावा.

एकाने फळीवर उभं राहून एक पाऊल कडेला टाकायचं, दुसऱ्याने पाण्यात उभं राहून पट्टीकडे बघायचं. पट्टी भिजली तर एक क्रेट काढा आणि पुन्हा करून बघा.

मग दुसरी चाचणी. फळीवर मध्यभागी उभं राहून बोट हलकेच डोलवा आणि एका डोलाला किती वेळ लागतो ते मोजा. हेच आधी तळावर उभं राहून मोजलेलं असू द्या. तळावरून बोट झटके देत, चटाचट परत येते आणि ते अंगावर येतं. फळीवरून ती संथ डोलते, मऊ वाटते. बहुतेक जण इथे खूश होतात, ‘बघ, किती शांत झाली!’ डोल जितका लांबला तितका वजनाचा मध्य खुंटीच्या जवळ गेलेला असतो. बोट कललेल्या टोकाला क्षणभर रेंगाळून, परत यावं की नाही असा विचार करत येत असेल तर क्रेट उतरवा.